तिकीट काढू, वर्गणी कशाला?

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमच्या खिडकीत पैसे सरकवणाऱ्या माणसाला आपण काय विकत घेतोय ते नेमके माहीत असते: आजचा फुटबॉल सामना. पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी तालमींतली चुरशीची लढत असेल तर तासभर आधी जागा धरायची, साखळीतला बिनमहत्त्वाचा सामना असेल तर चहा मारून निवांत यायचे. उद्या यायचे की नाही ते उद्या ठरते. हाच माणूस रात्री मोबाइल उघडून परदेशातला एखादा सामना बघू म्हणतो, तेव्हा त्याच्यापुढे सामना येतच नाही. येतात ते पॅक. महिन्याचा, तीन महिन्यांचा, वर्षाचा. फक्त मोबाइलवर चालणारा, टीव्हीवर चालणारा, जाहिरातींसकट, जाहिरातींशिवाय. त्यात क्रिकेट आहे, मालिका आहेत, सासू-सुनांची भांडणे आहेत. त्याला हवी असलेली नव्वद मिनिटे या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी आहेत.

मग तो पैसे देत नाही, आणि कोल्हापूरकर फुकटे आहेत असा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा आहे. पुढाऱ्यांच्या नावाच्या चषकांपासून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) लीगपर्यंत हंगामभर तिकीट काढून फुटबॉल बघणारे हे गाव आहे. पेठेतल्या संघाला बूट हवे असले, बाहेरच्या खेळाडूचे मानधन कमी पडले, तर खिशात हात घालणारेही हेच. अडचण पैशाची नाही, विक्रीच्या एककाची आहे. वर्गणी आपण मंडळाला देतो, कारण मंडळ गल्लीतले असते आणि जमाखर्च मांडवात फळ्यावर लागतो. मुंबईतल्या कंपनीला कशाची वर्गणी? तिने तिकीट विकावे. एका सामन्याचे, एका पडद्याचे, हव्या त्या दिवशी मिळणारे.

इंग्लंडमधल्या एखाद्या बड्या संघाचा चाहता शिवाजी पेठेत राहतो असे धरू. २०२५-२६ च्या हंगामात त्याच्या संघाचे लीगमधले सामने जिओहॉटस्टारवर. तोच संघ चॅम्पियन्स लीगमध्ये खेळला की सोनी लिव्ह. स्पेनमधली ला लिगा बघायची हौस असेल तर फॅनकोड. एका खेळासाठी तीन दारे आणि तीन कुलपे. वर वेळेचे गणित. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा सामना आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला येतो, म्हणजे जेवणाच्या आगेमागे. चॅम्पियन्स लीगचा मुख्य सामना मात्र हिवाळ्यात रात्री दीडला सुरू होतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सकाळच्या पाळीला जाणारा माणूस वर्षभरात असे किती सामने बघणार? डर्बी, बाद फेरीतले दोन-चार, अंतिम सामना. दहा किंवा बारा. तीन ॲपची वर्षाची वर्गणी भरून दहा सामने बघणे म्हणजे चपाती हवी म्हणून गिरणी विकत घेण्यासारखे आहे.

(गंमत म्हणजे शनिवारी दुपारी तीनचे हे सामने खुद्द इंग्लंडमधल्या माणसाला घरबसल्या दिसत नाहीत. पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत तिथे थेट प्रक्षेपणावर बंदी आहे, लोकांनी मैदानात जावे म्हणून. १९६० च्या दशकापासूनचा हा दंडक. मँचेस्टरच्या माणसाला जे पैसे देऊनही मिळत नाही ते आपल्याला मिळते. तेवढ्यापुरते आपण नशीबवान.)

वर्गणीचे पैसे भरल्यावर तरी सामना नीट दिसतो का? इथे थोडा हिशेब मांडावा लागतो, कारण बरीच चिडचिड याच ठिकाणी होते आणि दोष चुकीच्या माणसाच्या माथी जातो. एक एमबीपीएस वेगाचा व्हिडिओ तासाला साधारण ०.४५ जीबी डेटा खातो. दोन्ही अर्ध, पंधरा मिनिटांचा हाफ टाइम आणि वाढीव वेळ धरून सामना जवळपास दोन तासांचा होतो. १०८० रेषांचे चित्र पाच एमबीपीएसने आले तर सव्वाचार जीबीच्या वर जातात. ७२० रेषांवर, तीन एमबीपीएसने, अडीच जीबीच्या पुढे. रोज दीड जीबी मिळणाऱ्या रिचार्जवर ७२० चे चित्र लावले तर डेटा बरोबर उत्तरार्ध सुरू होऊन चार-पाच मिनिटे झाली की संपतो. त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि पडद्यावर गोल फिरणारी चकती तेवढी उरते. लोक ॲपला शिव्या घालतात. संपलेला असतो रिचार्ज. उपाय सोपा आहे. ॲपच्या सेटिंगमध्ये गुणवत्ता ‘ऑटो’वर न ठेवता ४८० वर बांधायची, म्हणजे सामना एक जीबीच्या आत बसतो. मोबाइलच्या पडद्यावर ते चालते, बत्तीस इंची टीव्हीवर चेंडूची रेघ दिसू लागते.

दुसरा घोळ स्वस्त टीव्ही बॉक्सचा. पैसे भरले, इंटरनेट शंभर एमबीपीएसचे आहे, तरी चित्र धुरकट. कारण या सेवा चोरी रोखण्यासाठी व्हिडिओला डिजिटल कुलूप लावून पाठवतात, आणि ते कुलूप चिपच्या सुरक्षित भागात उघडण्याची सोय त्या बॉक्समध्ये नसते. वाइडव्हाइन नावाच्या या कुलपाच्या एल-१ (ही सोय असलेली) आणि एल-३ (नसलेली) अशा पातळ्या आहेत. एल-३ असलेल्या यंत्राला सहसा ४८० च्या वरचे चित्र दिलेच जात नाही. बॉक्स घेण्याआधी दुकानदाराला ‘एल-१ आहे का?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी पुढचा वर्षभराचा मनस्ताप वाचतो. वर्गणी घेताना कंपनी मात्र हे विचारत नाही. तुमच्या यंत्रावर कोणते चित्र दिसेल हे तिला पैसे घेण्याआधी कळू शकते. ती सांगत नाही, एवढेच.

आणि उशीर. मंगळवार पेठेतल्या एखाद्या बोळात समोरासमोर दोन घरे, एकात केबल, दुसऱ्यात ॲप. केबलवाल्याकडे ‘गोऽऽल’ झालेला असतो, तेव्हा ॲपवाल्याच्या पडद्यावर कॉर्नर घेणारा खेळाडू अजून चेंडू ठेवत असतो. समोरून आरोळी आली की याने समजायचे. हा उशीर कुणाच्या आळसाने होत नाही. थेट चित्राचे साधारण सहा-सहा सेकंदांचे तुकडे केले जातात आणि खंड पडू नये म्हणून प्लेअर निदान तीन तुकडे हाताशी साठवूनच दाखवायला लागतो. इथे अठरा सेकंद गेली. त्याआधीचे एन्कोडिंग आणि देशभरच्या सर्व्हरवर पोहोचवणे धरले की अर्धे मिनिट सहज होते. तुकडे लहान केले तर उशीर घटतो, पण साठा कमी राहिल्याने जरा रेंज हलली की चित्र अडकते. दोन्हींपैकी एक निवडावे लागते. चाहत्यापुरता शहाणपणा एवढाच, की सामना चालू असताना व्हॉट्सॲपचे नोटिफिकेशन बंद ठेवावे. शेजाऱ्याचा इलाज नाही.

या तांत्रिक गोष्टी सुधारतील, काही सुधारल्याही आहेत. २०२२ च्या विश्वचषकात जिओसिनेमाने सगळे सामने फुकट दाखवले. पहिल्याच दिवशी, २० नोव्हेंबरला, चित्र इतके अडकले की कंपनीला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्यानंतर महिनाभराने अर्जेंटिनाने कप उचलला तेव्हा कोल्हापुरातल्या चौकाचौकांत फटाके वाजले आणि बहुतेक पडदे अखेरपर्यंत चालले. यंत्रे शिकतात. विकण्याची पद्धत बदलायला मात्र बहुतेक कंपन्या तयार नाहीत, कारण तिच्यात एक सोयीचा झरा आहे. त्याचे नाव ऑटोपे.

पॅक घेताना यूपीआय किंवा कार्डावर आपोआप पैसे कापण्याची परवानगी दिली जाते, बहुतेकदा न वाचता. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कापण्याच्या चोवीस तास आधी सूचना यावी लागते आणि ती येतेही. पण इतर पन्नास एसएमएसमध्ये ती दिसत नाही. हंगाम मे महिन्यात संपतो, पॅक जूनमध्ये नव्याने सुरू होतो आणि चाहत्याला ऑगस्टमध्ये पत्ता लागतो. ॲप मोबाइलमधून काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबली असे पुष्कळांना वाटते, थांबत नाही. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ नावाचा भाग उघडून तिथली ती नोंद रद्द करावी लागते. प्ले स्टोअरमधून पॅक घेतला असेल तर तिथल्या ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जावे लागते. वर्गणीत शिरणे सोपे आणि निघणे अवघड अशी रचना करणे ही ग्राहकाची फसवणूक आहे, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहूनच ठेवले आहे. त्यात तेरा क्लृप्त्यांची यादी आहे आणि ‘वर्गणीचा सापळा’ ही त्यातली एक. तक्रार १९१५ या हेल्पलाइनवर करता येते. ग्राहक आयोगात जायचे झाले तर २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. पण चारशे रुपयांसाठी कोण जातो कसबा बावड्याला? कंपन्यांचा भरवसा नेमका त्यावरच आहे. सामन्याचे तिकीट असते तर हा प्रश्नच उद्भवला नसता. शिट्टी वाजली, सामना संपला, व्यवहार संपला.

केबलला निदान थोडा लगाम आहे. वाहिनीची किंमत जाहीर करावी लागते आणि नको ती वाहिनी वगळून हवी ती एकटी घेता येते, हे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने घालून दिले. त्याच कंपनीच्या ॲपवर तोच सामना दाखवला की हा नियम लागू होत नाही. केबलवर जो सुटी वाहिनी मागू शकतो, त्याला ॲपवर सुटा सामना मागता येत नाही. याला काय म्हणावे?

आता मोठा मुद्दा. फुटबॉल क्रिकेटच्या पिशवीत बांधून विकल्याने चाहत्याचे नुकसान होते ते थोडे. जास्त नुकसान खुद्द फुटबॉलचे होते. एकत्र पॅक घेणाऱ्या लाखो लोकांपैकी फुटबॉलसाठी किती जणांनी पैसे दिले, हे कुणालाच सांगता येत नाही. कंपनीकडे बघणाऱ्यांचे आकडे असतात, पण ‘हे नसते तर मी पॅक घेतला नसता’ असे म्हणणाऱ्यांची मोजणी नसते. मग लीग विकायला काढली की भाव कशावरून ठरवायचा? इंडियन सुपर लीगचे २०२५ मध्ये जे झाले ते आठवा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि रिलायन्सच्या कंपनीतला २०१० सालचा पंधरा वर्षांचा करार संपत आला, जुलैमध्ये लीग स्थगित झाली, आणि नोव्हेंबरात व्यावसायिक हक्कांच्या निविदेची मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. एकही. त्याला इतर कारणे होतीच: महासंघाच्या घटनेचा कोर्टातला वाद, निविदेतल्या अटी, लीगच्या कारभारात बोली लावणाऱ्याला काय अधिकार राहणार याची अनिश्चितता. तरीही अकरा हंगाम चाललेल्या लीगला गिऱ्हाईक किती आणि ते काय मोजेल याचा खणखणीत आकडा टेबलावर ठेवता आला असता, तर चित्र इतके केविलवाणे झाले नसते. आकडा नव्हता, कारण ॲपवर सुटे तिकीट कधी विकलेच नव्हते. लीग आधी पॅकमध्ये होती, मग फुकट, मग पुन्हा पॅकमध्ये.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे आयएसएलमध्ये गेला. त्याचा सामना असला की तेवढाच बघायला बसणारे शंभर-दोनशे लोक या शहरात सहज निघतील. सुटे तिकीट असते तर ते शंभर-दोनशे लोक मोजले गेले असते. पॅकमध्ये ते कुणालाच दिसले नाहीत.

फ्रान्सने हा धडा महागात घेतला. २०२४ मध्ये तिथल्या पहिल्या श्रेणीच्या लीगचे बहुतेक सामने डॅझन नावाच्या सेवेकडे गेले. वर्षाच्या बांधिलीसह महिन्याला जवळपास तीस युरो, बांधिलीशिवाय चाळीस. पंधरा लाख ग्राहकांचे लक्ष्य होते, निम्मेही आले नाहीत. मैदानातल्या प्रेक्षकांनी निषेधाचे फलक धरले आणि चोरीच्या लिंकांचा सुळसुळाट झाला. पाच हंगामांचा करार एका हंगामात मोडला. मग लीगने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःचीच वाहिनी काढली, बांधिलीसह पंधरा युरोपासून, नऊपैकी आठ सामने तिच्यावर. काही आठवड्यांतच दहा लाख लोक आले. माणसे तीच, संघ तेच. मात्र दर निम्मा झाला आणि क्लबांची मिळकतही पूर्वीच्या मानाने कोसळली, हेही सांगितले पाहिजे. आधी चढा भाव लावून चाहत्याला चोरीची वाट शिकवली की नंतर स्वस्त करूनही जुने दिवस परत येत नाहीत.

कंपन्यांचा युक्तिवाद असा: हक्क आम्ही तीन-पाच वर्षांसाठी एकरकमी घेतो, सुटी तिकिटे विकली तर लिव्हरपूलचा सामना खपेल आणि तळातल्या दोन संघांचा पडून राहील, मग पैसे वसूल कसे करायचे? यात तथ्य आहे. पण स्टेडियमलाही हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे आणि फुटबॉलने त्याचे उत्तर विक्रीत शोधले नाही, वाटपात शोधले. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये देशांतर्गत प्रक्षेपणाच्या पैशातला निम्मा भाग सगळ्या वीस क्लबांना सारखा जातो, पाव भाग तक्त्यातल्या क्रमानुसार, आणि उरलेला पाव किती वेळा थेट दाखवले त्यानुसार. गर्दीचा सामना रिकाम्या सामन्याला पोसतो. शिवाय तिकीट आले म्हणून पॅक बंद करा असे कोण म्हणतेय? रोज बघणाऱ्याला पॅक परवडतो, त्याने घ्यावा. सुटे विकता येते हे भारतातच सिद्ध झाले आहे: २०२४ मध्ये फॅनकोडने फॉर्म्युला वनचा एक शर्यत-सप्ताहान्त ४९ रुपयांना आणि अख्खा हंगाम ४९९ ला ठेवला. मोटारींच्या शर्यतीला जे जमते ते फुटबॉलला न जमायला काय झाले?

दुसऱ्याला सांगून झाले. आता आपल्या घरात बघू. कोल्हापूरचे स्थानिक सामने यूट्यूबवर थेट आणि फुकट दिसतात, आणि पुण्यात, मुंबईत, आखातात कामाला असलेली पेठेतली पोरे ते जीव टाकून बघतात. जाहिरातीचे जे काही पैसे येतात ते दाखवणाऱ्याला. खेळणाऱ्या संघाच्या वाट्याला काही येतेच असे नाही. वरिष्ठ गटातल्या सोळा संघांचा हंगामाचा खर्च अजून देणगीदार आणि पुढाऱ्यांच्या मर्जीवर चालतो. इथे तिकीट का नको? मैदानातल्या माणसाने पैसे मोजायचे आणि हिंजवडीत बसलेल्या, त्याच्या दसपट पगाराच्या माणसाने फुकट बघायचे, यात न्याय कुठला?

समजा, एका सामन्याचा ऑनलाइन पास वीस रुपये. अठरा टक्के जीएसटी आत धरला तर हातात १६ रुपये ९५ पैसे. पेमेंट गेटवेचे दोन टक्के आणि त्यावरचा कर मिळून ४७ पैसे. ७२० रेषांचा सामना एका घरी पोहोचवायला साधारण २.६ जीबी, जीबीला दोन रुपये धरले तर सव्वापाच रुपये. उरतात सव्वाअकरा. दीड हजार पास खपले तर सुमारे सतरा हजार. कॅमेरे, ते चालवणारे, इंटरनेट आणि समालोचक मिळून दिवसाचा खर्च दहा हजार धरला आणि त्याच दिवशी दोन सामने झाले, तर प्रत्येक सामन्यामागे बारा हजार राहतात. यातले निम्मे सोळा संघांच्या सामाईक डब्यात, पाव त्या दिवशी खेळलेल्या दोघांना, पाव हंगामअखेरच्या क्रमानुसार. बालेवाडीसारखे क्रीडासंकुल उभे राहणार नाही यातून. पण बाहेरच्या खेळाडूच्या मानधनासाठी कुणाचा उंबरा झिजवायला नको, इतके होईल. आणि पुढच्या वर्षी प्रायोजकाकडे जाताना ‘आमचा सामना इतक्या लोकांनी पैसे देऊन बघितला’ असा कागद हातात राहील.

हे कुठे फसते, तेही लिहिले पाहिजे. पहिली गोष्ट अपलोड. मैदानात दहा हजार माणसे, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, गोल झाला की सगळे एकदम व्हिडिओ पाठवतात. मोबाइल टॉवर तिथेच गुदमरतो. डोंगलवर चालवलेले प्रक्षेपण नेमके गोलच्या वेळी मरते ते याच कारणाने. सिमकार्डे चार असली तरी टॉवर एकच. तारेची फायबर जोडणी कॅमेऱ्यापर्यंत आणली पाहिजे, निदान दहा एमबीपीएस अपलोडची, म्हणजे सहा एमबीपीएसचे चित्र पाठवूनही हात मोकळा राहतो. सिम हे राखीव. कॅमेरा पश्चिमेकडच्या बाजूला उंचावर, मध्यरेषेवर. दुपारचे सामने असल्याने समोरून ऊन आले तर दुसऱ्या अर्धात खेळाडूंच्या सावल्याच खेळताना दिसतात. वीज गेली की कॅमेरा बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडतो, हे दरवेळी कुणीतरी विसरते. राउटरला आणि लॅपटॉपला इन्व्हर्टर हवाच. हाफ टाइमला स्पीकरवर सिनेमाची गाणी लावली तर यूट्यूबची यंत्रणा हक्कभंगाचा दावा लावते आणि कधी प्रक्षेपणच तोडते. हलगीवर कुणाचा दावा नाही, ती खुशाल वाजू द्यावी. फक्त समालोचकाच्या माइकचा आवाज आपोआप वरखाली करणारी सोय बंद ठेवावी, नाहीतर हलगी वाजली की समालोचक पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येतो.

दुसरी गोष्ट दाराची. यूट्यूबची ‘अनलिस्टेड’ लिंक पास म्हणून दिली तर पाच मिनिटांत ती पेठेच्या ग्रुपवर येते. कुलूप म्हणून तिचा काडीचा उपयोग नाही. यूट्यूबचे सशुल्क सदस्यत्व महिन्याचे असते, म्हणजे परत वर्गणीच, आणि त्यातले तीस टक्के यूट्यूब ठेवते. मोबाइल क्रमांकावर ओटीपी, एका पासवर एका वेळी एकच पडदा, काही मिनिटांनी बदलणारी सही केलेली लिंक, आणि चित्रावर पुसट दिसणारे मोबाइलचे शेवटचे चार आकडे, एवढे केले तरी बरेच भागते. शेवटचा उपाय तांत्रिक कमी आणि कोल्हापुरी जास्त आहे. कुणाच्या नंबरवरून बाहेर गेले हे सगळ्या पेठेला दिसते.

तिसरी गोष्ट गर्दीची, आणि सुट्या तिकिटावरचा हा खरा आक्षेप. चारचा सामना असेल तर लोक तीन पंचावन्नला पास घ्यायला येतात. व्हिडिओ बंद पडत नाही, पैसे घेणारी खिडकी बंद पडते. यूपीआयमधून पैसे गेले, पण पास आला नाही. तोवर पहिला गोल. म्हणून विक्री आदल्या दिवशी सकाळी उघडावी, आगाऊ घेणाऱ्याला पंधरा रुपये आणि ऐनवेळी येणाऱ्याला वीस असा फरक ठेवावा, आणि पैसे ‘पेंडिंग’ दाखवत असतील त्याला दहा मिनिटे आत सोडावे. बहुतेकांचे पैसे तेवढ्यात पडतात, परत जायचे ते कधी उशिराने जातात. आत सोडलेल्यांपैकी काही फसवतील. फसवू देत, सामन्याच्या गेटवरही थोडे घुसतातच.

चोरीच्या लिंकांचे काय? थेट सामना चालू असतानाच बेकायदा संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिल्ली उच्च न्यायालय देते, आणि एक बंद झाले की दुसरे उगवते. चाहत्याने ध्यानात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. टेलिग्रामवरून येणारी ‘फ्री स्पोर्ट्स’ची एपीके फाइल एसएमएस वाचण्याची आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागते. सामना दाखवायला यातले काहीही लागत नाही. लागते ते बँकेचा ओटीपी वाचायला.

आणि एक मधला मार्गही आहे. विश्वचषकाच्या रात्री आपण एकट्याने बघतच नाही. तालमीसमोर पडदा लागतो, खाली सतरंजी, बाजूला अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे. घरगुती पॅकवर असे चौकात दाखवणे ॲपच्या अटींत बसत नाही, आणि प्रत्येक मंडळ ते करते. २०२६ च्या विश्वचषकात ४८ संघ आणि १०४ सामने, अंतिम सामना आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला. अशा रात्रीसाठी मंडळाला ‘चौक पास’ विका: एक पडदा, एक सामना, हजार-दोन हजार रुपये, पावतीसकट. मंडळे घेतील. पोलिसांच्या परवानगीच्या अर्जाला ती पावती जोडतील आणि जमाखर्चाच्या फळ्यावर लिहितील.

राहिला परताव्याचा प्रश्न, आणि तो पास छापण्याआधी मिटवलेला बरा. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो, मैदानात पाणी साठते. कधी गॅलरीत हुल्लडबाजी होऊन सामना थांबतो. उरलेला खेळ दुसऱ्या दिवशी झाला तर तोच पास चालला पाहिजे, पुन्हा ओटीपी न मागता. सामना टायब्रेकरला गेला तर दोन तास झाले म्हणून पास संपता कामा नये. आणि प्रक्षेपण आपल्या चुकीने सलग दहा मिनिटे बंद राहिले तर कुणी तक्रार करायची वाट न बघता वीसच्या वीस रुपये ज्या यूपीआयवरून आले त्यावर परत, त्याच संध्याकाळी.